माझ्या मांडीवरचा फोटो

मुलगा वर्षाचा झाला तेव्हा मला एकच हौस होती. तो माझ्या मांडीवर बसून खळखळून हसतोय असा एक फोटो हवा होता, माहेरी आईला पाठवायला. मी पेणच्या शाळेत शिकवायची. सकाळी आमच्या गडब गावाहून एसटी धरायची ती संध्याकाळीच परतायची. तोवर पोर थोरल्या जाऊबाईंकडे. तो पहिल्यांदा रांगला ते त्यांनी पाहिलं, पहिला दात त्यांच्याच बोटाला लागला. मला सगळं संध्याकाळी ऐकायला मिळायचं, तेही अगदी रंगवून. मी हसून ऐकायची आणि आतून जळायची. खोटं कशाला बोलू?

रविवारी आम्ही मायलेक निघालो तर जाऊबाई पातळ बदलून ओटीवर तयारच.

"पोर रडलं तं कोन बघल गो? मी येते."

मग तिघंही एसटीत बसलो.

स्टुडिओ पेणच्या बाजारात, एका माडीवर. मागच्या पडद्यावर बाग आणि कारंजं रंगवलेलं. जरीची साडी सावरून मी खुर्चीत बसले, पोराला मांडीवर घेतलं. दिवे लागले आणि त्याने भोकाड पसरलं. फोटोग्राफर वयस्कर, लहान मुलांना हसवण्यात त्यांचा हातखंडा. त्यांनी खुळखुळा वाजवला, मांजराचा आवाज काढला, स्वतःच्या डोक्यावर रुमाल टाकून बघितला. पोर बधेना.

"बाई, तुम्हीच बोला त्याच्याशी. आईचा आवाज ऐकला की गप्प होतात."

बालवर्गाला हमखास हसवणारं बडबडगीत मी म्हटलं. त्याने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि आणखी वरचा सूर लावला. कानशिलं तापली माझी.

"दिवसभर याला सांभाळतं कोण?" त्यांनी विचारलं.

मला उत्तर द्यावंच लागलं नाही. जाऊबाई उठून कॅमेऱ्याशेजारी उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि मुठीत दाणे असल्यासारखं करून फरशीवर उधळायला लागल्या. घरी अंगणात कोंबड्यांना घालायच्या तीच हाळी, "आ ती ती ती!" नंबर लावून बसलेली माणसं बघतच राहिली. पोर आधी गप्प झालं, मग खिदळायला लागलं. दोन्ही हात पसरून तिकडे झेपावू लागलं. मी त्याची कंबर घट्ट धरून ठेवली.

"यांनाच बसवू का मांडीवर घेऊन? तुम्ही इथे उभ्या राहा," फोटोग्राफर सहज बोलून गेले.

"फोटो माझ्याच मांडीवर निघेल," मी म्हणाले, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.

त्यांनी बटण दाबलं.

पुढच्या आठवड्यात शाळा सुटल्यावर फोटो घेतला आणि परतताना एसटीत पाकीट उघडलं. पोर छानच आलं होतं, वरचे दोन दात दाखवत हसणारं. नजर मात्र कॅमेऱ्याच्या बाजूला. आणि माझीही! समोर बघायचं सोडून मी त्याच बाजूला डोळे वटारून बसले होते. कुणाला दाखवायचाच नाही असं ठरवून फोटो पिशवीत तळाशी सारला. पण घरी पाऊल ठेवते तोच जाऊबाईंनी हात पुढे केला. पोर त्यांच्या कडेवर होतं.

त्यांनी बराच वेळ फोटो न्याहाळला आणि गालातल्या गालात हसल्या.

"मी फोटूत नाय," त्या म्हणाल्या, "पन तुमी दोघं बी माझ्याकडंच बघताय गो."