रेघेवरची उडी

लग्नाचे फोटो काढून माझं पोट भरतं, पण तिथं सगळे ओठ ताणून उभे असतात. म्हणून हिवाळ्यात शाळांच्या धावण्याच्या स्पर्धा लागल्या, की नाशिक रोडहून कॅमेरा घेऊन मी मैदान गाठतो. शेवटच्या दहा पावलांत पोरांचे चेहरे कसे होतात, याचं मला भारी कुतूहल. कुणी दात-ओठ खातं, कुणी चक्क हसतं.

गेल्या वर्षी चारशे मीटरच्या प्राथमिक फेरीचे फोटो मैदानावरच कॅमेऱ्यात पाहताना एका मुलीपाशी अडलो. हरसूलकडच्या आश्रमशाळेतली, अनवाणी, तेरा-चौदा वर्षांची. बाकीच्या जणी शेवटची पांढरी रेघ तुडवत गेल्या होत्या. ही तेवढी तिच्यावरून उडाली होती. दोन्ही पाय हवेत, वेणी वर. पण उडी मारायची तर आधी पावलं जुळवावी लागतात, वेग मोडतो. मग ही असं का करते?

झाडाखाली गाठून तिला विचारलंच. लाजत तिनं सांगितलं, की त्यांच्या मैदानावर मुलीच रेघा आखतात, शाळेच्या चुलीतली राख टाकून. जिच्या पायानं रेघ पुसेल तिनंच पुन्हा वाकून ती आखायची.

इथं चुन्याची फक्की असते, तुडवली तरी कुणी काही म्हणत नाही, एवढं मी तिला सांगायला हवं होतं. अंतिम शर्यतीतल्या पहिल्या दोघीच विभागीय स्पर्धेला जाणार, हेही मला ठाऊक होतं. पण त्या फोटोत तिचा चेहरा जरा हलला होता आणि मला तीच उडी पुन्हा हवी होती. मी गप्प बसलो.

अंतिम शर्यतीत रेघेच्या चार पावलं अलीकडे ती दुसरी होती. तिनं पावलं जुळवली आणि उडाली. तेवढ्यात शेजारची मुलगी रेघ तुडवून पुढे गेली. ही तिसरी आली. फोटो मात्र मला हवा तसा मिळाला.

मला माझीच लाज वाटली. ती दम खात बसली होती, तिथं जाऊन सगळं कबूल केलं. तिनं चिडावं, असं मनापासून वाटत होतं. तिनं फक्त फोटो बघायला मागितला. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर तिनं स्वतःचा चेहरा पाहिलाच नाही, रेघ निरखली.

"माझा पाय नाय लागला," ती म्हणाली. मग मैदानावरच्या विस्कटलेल्या चुन्याकडे बघत तिनं विचारलं, "सर, आता ही त्या दोघी आखतील?"