न गेलेल्या शनिवारची बाटली

देवाला हात जोडते, पण भुताखेताच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाते. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी... पुढे एमएस्सी केलं, आता पीएचडी. जे मोजता येत नाही ते मी मानत नाही. तरी हे लिहितेय.

राहते रोडपालीला. कोन गावाजवळच्या एका माळावर मी मातीत प्लास्टिकचे बारा कप पुरलेत. त्यांत पडलेले भुंगेरे दर शनिवारी सकाळी गोळा करायचे, अल्कोहोलच्या बाटलीत भरून तारखेची चिठ्ठी लावायची, मोजायचे. मग ते आकडे, तापमान, पाऊस कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये टाकून बघायचं, हवामान बदलतंय तसे किडे कमी होतायत का. तिसरं वर्ष आहे. ऊन, चिखल, रिक्षावाल्यांशी वाद... खरंच थकलेय.

गेल्या मे महिन्यात एका शनिवारी उठवेचना. गेलेच नाही. रजिस्टरमधली ती ओळ रिकामी ठेवायची, हा नियम. मी मॉडेलचा अंदाज – सत्तेचाळीस – मोजलेला आकडा म्हणून लिहून टाकला. पुढच्या शनिवारी कपांत दोन आठवड्यांचे किडे हवे होते. निघाले एकाच आठवड्याइतके. तेव्हा लक्ष दिलं नाही.

जूनमध्ये माझे गाईड सर म्हणाले, "थीसिस देण्याआधी मेच्या बाटल्या माझ्यासमोर मोज."

त्या शनिवारची बाटली नव्हतीच. कबूल करायचं ठरवूनच लॅबमधलं बाटल्यांचं कपाट उघडलं. किल्ली माझ्याकडेच असते. त्या तारखेची बाटली आत होती... चिठ्ठीवर अक्षर माझं. चिमट्याने तीनदा मोजले. सत्तेचाळीस.

सरांना खरं ते सांगितलं. ते हसले. "अगं, गेली असशील. चार दिवस झोप काढ."

आईला विचारलं. "दुपारपर्यंत घोरत होतीस की! चहा उशाशी गार झाला."

मग माळाच्या मालकांकडे गेले. "काका, त्या शनिवारी मी आले होते?"

"आलीस ना गो! पानी दिला तुला. बोललो, किडेवाली मॅडम आज मुकी झाली काय? तर हू नाय की चू नाय. सरळ तुझ्या कपांकडं गेलीस."

ते पाणी मी प्याले का, हे मी विचारलं नाही.

सर म्हणाले, "बाटली आहे, आकडा जुळतो, ओळ राहू दे." राहू दिली असती तर आज नावापुढे डॉक्टर लागलं असतं. मी ती ओळ खोडली आणि बाजूला लिहिलं – 'या दिवशी मी गेले नव्हते, आकडा मनाने लिहिला.' खाली सही केली. आता पीएचडीच्या कमिटीचा माझ्या एकाही आकड्यावर विश्वास नाही. तिन्ही वर्षांच्या बाटल्या पुन्हा मोजायला सांगितल्यात.

मोजतेय. ते भुंगेरे कुणी गोळा केले, मला माहीत नाही. मी नाही केले, एवढंच सांगू शकते.