हलतं तिथं ग्रीस

हसायचं तर आत्ताच हसून घ्या. मधेमधे हसाल तर मी सांगायचं बंद करीन. माझ्या हातून जे झालं ते आख्ख्या सिल्वासात पसरलंय, म्हणून म्हटलं, आपणच नीट सांगून टाकावं. लोक फार मीठमसाला घालतात. एक जण तर म्हणतो, मी हॉलमध्ये नारळ फोडला. साफ खोटं. नारळ मी घरी फोडला होता.

मी इथं जवळच्याच मसाटच्या सुताच्या कारखान्यात चौतीस वर्षं मेंटेनन्सला होतो. शिक्षण चौथीपर्यंत, तेही अमळनेरकडच्या खेड्यात, मास्तर आले तर. पण मशीन मला कळतं. नाशकाचे, पुण्याचे इंजिनियर हातात वही घेऊन मशीनभोवती फिरायचे आणि शेवटी मलाच बोलवायचे. मी कान लावायचो, कुठं कुरकुरतंय ते बघायचो आणि ग्रीस मारायचो. जे हलतं त्याला ग्रीस लागतं. एवढा एक नियम पाळला तर पगार मिळतो आणि मशीन चालतं.

आणि दसऱ्याला काय करतात हे तुम्हाला सांगायला नको. आमच्या कारखान्यात मशीन बंद करून धुवायचं, पुसायचं, सगळीकडं ग्रीस भरायचं, मग हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचा हार. साहेबलोक सुद्धा त्या दिवशी बूट काढून उभे राहायचे. चौतीस दसरे मी हे केलं. रिटायर झालो म्हणून हात थोडाच ऐकतो? पहिल्या वर्षी मी घरच्या मिक्सरला ग्रीस मारलं. त्या चटणीबद्दल सुनबाई अजून बोलते.

तर माझी नात हर्षदा. आम्ही हर्षू म्हणतो. ही पोरगी तलवारबाजी खेळते. मी म्हटलं होतं, कबड्डी खेळ, खो-खो खेळ, काहीतरी माणसासारखं खेळ. पण नाही. पांढरे कपडे घालायचे, तोंडाला चहाच्या गाळणीसारखं जाळीचं टोपडं, आणि पाठीमागून वायर निघालेली. तलवार म्हणाल तर रेडिओच्या एरियलसारखी, वाकवली की वाकते. त्या तलवारीच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी पुंगळी असते, तिच्यात स्प्रिंग. टोक समोरच्याच्या अंगावर दाबलं गेलं की वायरीतून करंट जातो, टेबलावरच्या बॉक्सवर दिवा लागतो, भोंगा वाजतो. ज्याचा दिवा त्याला गुण. आहे काय नि नाही काय.

हसू नका म्हटलं ना. पोरगी चांगली खेळते. इतकी चांगली, की आशियाई स्पर्धेला जाणाऱ्या संघात एक जागा रिकामी होती आणि तिथं हिचं नाव निघालं. निवड करणारे लोक दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सिल्वासाला येणार होते. त्यांनी अट घातली. सिमरत नावाची पंजाबची पोरगी, आशियाई स्पर्धेचं पदक गळ्यात घालून आलेली, तिच्याशी हर्षूनं पंधरा गुणांची लढत खेळायची. जिंकायला कोणी सांगितलं नव्हतं. फक्त दहा गुण काढायचे. दहा काढले तर संघात, नऊ काढले तर घरी.

हर्षू आठ दिवस नीट जेवली नाही. तिचे देसाई सर वलसाडकडचे, अर्धं गुजराती अर्धं मराठी बोलणारे, ते म्हणाले, "दसऱ्याला प्रॅक्टिस नथी. तलवारीला हात लावायचा नाही. आराम करायचा."

झालं. तिनं हात लावला नाही. मी लावला.

तुम्हीच सांगा, घरात खरी तलवार आहे, तीही एक नाही, दोन. दसऱ्याचा दिवस आहे. आणि मी चुपचाप बसायचं? आमच्या बापानं विळ्या-कोयत्याची पूजा केली, मी पान्या-स्क्रू ड्रायव्हरची केली. शस्त्र म्हणावं असं शस्त्र आमच्या खानदानात पहिल्यांदा आलं होतं.

पोरगी झोपली होती. मी दोन्ही तलवारी पाटावर ठेवल्या, फडक्यानं पुसल्या. पुसता पुसता अंगठा टोकावर पडला. ते आत गेलं, बाहेर आलं. आत गेलं, बाहेर आलं. म्हटलं, अरे, हे तर हलतं.

कारखाना सोडताना मी बेअरिंगच्या ग्रीसचा एक डबा घरी आणला होता. सुईनं दोन्ही पुंगळ्यांत ग्रीस ठासून भरलं, मनापासून, काटकसर न करता. मग हळद-कुंकू, अक्षता, हार. नारळ फोडला. नातीचं भलं कर म्हणून हात जोडले. संध्याकाळी हर्षूनं मुठीवरचं कुंकू बघितलं, हसली, ओल्या फडक्यानं पुसून टाकलं. म्हणाली, "आबा, पूजा केली वाटतं." मी म्हटलं, "अगदी आतून केली."

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये आम्ही सगळे. पत्र्याची लांबलचक पट्टी अंथरलेली, तिच्या एका टोकाला हर्षू, दुसऱ्या टोकाला सिमरत. सिमरत माझ्यापेक्षा वीतभर उंच. तिनं येताना मला वाकून नमस्कार केला, "नमस्ते दादाजी." मला तेव्हाच ती डांबिस वाटली.

लढतीच्या आधी पंच तलवारीच्या टोकावर एक वजन ठेवून बघतो. स्प्रिंगनं ते वजन वर ढकललं पाहिजे. सिमरतची तलवार पास झाली. मग हर्षूच्या तलवारीवर त्यानं वजन ठेवलं. टोक आत गेलं ते गेलंच. बॉक्सवर हर्षूचा हिरवा दिवा लागला आणि तसाच राहिला. लढत सुरू व्हायच्या आधीच भोंगा ओरडायला लागला.

मी शेजारच्या माणसाला म्हटलं, "बघितलं? ह्याला म्हणतात पूजा."

पंचानं खिशातून पिवळं कार्ड काढून हर्षूला दाखवलं. बंद पडलेली तलवार घेऊन आलीस म्हणून ताकीद. हर्षूनं दुसरी तलवार घेतली. त्यानं पुन्हा वजन ठेवलं, मग बोटानं दाबून बघितलं. आता दिवा लागेचना. पंचानं लाल कार्ड काढलं. लाल म्हणजे समोरच्याला एक गुण फुकट. अजून कोणी पाऊल उचललं नाही आणि बोर्डावर सिमरत एक, हर्षू शून्य.

माझं डोकं फिरलं. एकाच घरातल्या दोन तलवारी, एक बंद होत नाही आणि एक चालू होत नाही? चौतीस वर्षं मशीन बघितलेल्या माणसाला हे सांगता? दोष तलवारीत नव्हताच. दोष त्यांच्या बॉक्समध्ये. माझ्या शर्टाच्या खिशात टेस्टर कायम असतो. तो काढला आणि सरळ पट्टीवर जाऊन उभा राहिलो.

"हा बोर्ड बंद करा," मी म्हटलं. "अर्थिंग नाही ह्याला."

पंच हिंदीत म्हणाला, "अंकल, आप नीचे उतरिए."

"मी उतरेन, आधी तुझा बॉक्स उघड. आणि ह्या पंजाबच्या पोरीचा दिवा कसा लागतो बरोबर? हिच्या कपड्यांत काय आहे ते पण बघा."

सिमरतनं टोपडं काढलं. "दादाजी, मेरे कपड़ों में तो बस मैं हूँ."

लोक हसले. पंचानं मला पिवळं कार्ड दाखवलं. मला वाटलं, चला, हर्षूला दिलेलं माझ्या नावावर फिरवलं. मी अजून चढलो.

देसाई सर पळत आले. "काका, शांती राखो ने. पोरीचं नुकसान होतंय."

"नुकसान हे लोक करतायत. तुम्ही गप्प काय बसलाय? सगळ्यांसमोर ही तलवार उघडा. पुंगळी खोला. होऊन जाऊ दे, कोणाची चोरी आहे ती."

आता बघा, त्या हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. त्यातल्या एकानंही तलवार उघडा म्हटलं नव्हतं. मीच म्हटलं. तेही ओरडून.

सरांनी बारका स्क्रू काढला, टोक बाहेर ओढलं, पुंगळी उलटी करून झटकली. काही पडलं नाही. मग त्यांनी बारीक तार आत घातली आणि हळूच बाहेर ओढली. तारेबरोबर पिवळी, चिकट, लांब अशी एक अळी बाहेर आली. तिला कुंकू लागलेलं होतं. शेवटाला एक तांदूळ.

मागच्या रांगेतले लोक बघायला उठून उभे राहिले.

पंचानं तलवार स्वतःकडं घेतली, ती अळी बोटावर घेऊन वास घेतला. "ये क्या है?"

मी लांबूनच ओळखलं. अशा ग्रीसचा वास चौतीस वर्षं माझ्या जेवणाच्या डब्याला येत होता.

हर्षू माझ्याकडं बघत होती. "आबा?"

"ग्रीस," मी म्हटलं.

"तलवारीला ग्रीस?"

"हलतं ना ते."

सरांनी कपाळाला हात लावला. हर्षूचे डोळे भरले. ते मला बघवेना. आता माणसानं अशा वेळी काय करावं? खाली उतरावं, कोपऱ्यात बसावं. पण मेंटेनन्सचा माणूस बिघाड सोडून जात नाही. मी म्हटलं, "दोन मिनिटं द्या. स्कूटरमधून जरासं पेट्रोल आणतो, धुवून देतो, फर्स्टक्लास होईल." आणि पंचाच्या हातातली तलवार ओढायला गेलो.

त्यानं काळं कार्ड काढलं.

काळं म्हणजे हॉलच्या बाहेर. नंतर सर म्हणाले, तिथं आलेल्या खेळाडूंपैकी एकालाही ते मिळालं नाही. मी तलवार न धरता मिळवलं.

दारातून बाहेर काढताना मागं वळून बघितलं, तर सिमरतनं स्वतःच्या पिशवीतून एक तलवार काढून हर्षूच्या हातात दिली होती. जिला मी चोर म्हटलं, तिनंच. चालता चालता मला माझीच शरम वाटली. पण थोडीच, कारण बाहेरच्या वॉचमननं लगेच रजिस्टरवर सही मागितली आणि माझं डोकं पुन्हा तापलं.

दार बंद. आतून भोंगा ऐकू येतोय, पण गुण कोणाचा ते कसं कळणार? वॉचमन बिहारचा, उंच माणूस. दाराच्या वर काच होती. मी त्याला म्हटलं, "भैया, जरा देखो, हरा जला की लाल?"

त्यानं टाचा वर केल्या. "लाल."

पुन्हा भोंगा. "अब?"

"दोनों जल गए, चाचा."

"दोनों कसे जळतील? एक सांग नीट."

"नीट ही बता रहे हैं. दोनों."

मला वाटलं हा माणूस मला छळतोय. नंतर कळलं, ह्या खेळात दोघींनी एकदमच मारलं तर दोघींनाही गुण मिळतो. तेव्हा कुठं माहीत होतं? मी बोटांवर हिरवे मोजत होतो. दोन्ही जळाले की अर्धा धरत होतो. माझ्या हिशोबानं हर्षूचे साडेसहा झाले आणि आतून टाळ्या वाजल्या. लढत संपली.

साडेसहा. मी तिथल्या पायरीवर बसलो. पोरीनं आठ दिवस घास गिळला नाही आणि मी तिच्या तलवारीत ग्रीस घातलं. वॉचमननं न विचारता पाण्याची बाटली दिली. मी घेतली.

दार उघडलं. हर्षू बाहेर आली, घामानं भिजलेली, मागं सिमरत.

"किती?" मी विचारलं.

"पंधरा-अकरा, आबा."

"अकरा कोणाचे?"

"माझे. घेतलं मला संघात."

माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. सिमरत म्हणाली, "दादाजी, एक पॉइंट तो मुझे आपने दिया था. थैंक यू." मी तिला म्हटलं, "बेटी, गलती हो गई." चौतीस वर्षांत हे वाक्य मी कुठल्याही इंजिनियरला बोललो नव्हतो.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण देसाई सरांच्या डोक्यात शिरलं, की काका आत होते तोवर पोरीचा दिवा धड लागला नाही, काका बाहेर गेले आणि पोरगी चमकली. शिकलेला माणूस, पण सांगतो कोणाला. हर्षू परदेशात स्पर्धेला गेली. एका संध्याकाळी सरांचा तिकडून फोन, लाईनीत नुसती खरखर. "काका, एक विनंती. उद्या मॅचच्या टायमाला तुम्ही घराच्या बाहेर बसाल का?"

मी म्हटलं, "सर, अहो मध्ये समुद्र आहे."

"हो, पण रिस्क कशाला."

माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. मी त्यांना तसं स्पष्ट सुनावलं. आणि सकाळी आठ वाजता खुर्ची घेऊन दाराबाहेर जाऊन बसलो. आत मोबाईलवर मॅच दाखवणार होते, सुनबाई आणि मुलगा आत. मी बाहेर. शेजारचे विचारत होते, काका, भांडण झालं का? मी म्हणालो, पुढं चला. बारा वाजले. ऊन डोक्यावर आलं. मी हललो नाही. पाणी सुद्धा खिडकीतून घेतलं.

साडेबाराला सुनबाई दारात आली. तिचा चेहरा पडलेला.

"काय झालं? हरली?"

"नाही हो बाबा. आत्ता सरांचा फोन आला, मॅच उद्या आहे. कालचा निरोप तुम्हीच एक दिवस आधीचा ऐकलात. ते परवाचं म्हणाले होते. या आत, जेवायला वाढलंय."

मी उठलो. खुर्ची मात्र उचलली नाही.

"खुर्ची राहू दे तिथंच," मी म्हटलं. "उद्या पुन्हा कोण बाहेर काढणार."