पिठाचा ठसा

तीर्थपुरीचे आमचे मिस्त्री स्क्रू ओठांत धरून काम करायचे, त्यामुळं त्यांची निम्मी उत्तरं नुसती ‘हूं’ अशी यायची. ओट्याखालच्या कपाटांच्या मुठी गंजल्या, तेव्हा मी जालन्याहून गोल, चकचकीत मुठी आणून त्यांना बोलावलं.

स्वयंपाकघरात त्यांचा फूटपट्टीवर विश्वास नसे. जुन्या मुठी काढायच्या, घरातल्या बाईनं पिठाच्या हातानं दार उघडायचं आणि ठसा उमटेल तिथं त्यांनी भोक पाडायचं, अशी त्यांची रीत.

आईनं दार उघडलं. बरेच दिवस ती कंटाळा आला म्हणून चहासुद्धा करत नव्हती. दारावर बोटांचा ठसा नव्हताच. कडेला मनगटाचा पांढरा पट्टा होता.

मिस्त्रींनी आईकडं पाहिलं नाही. स्क्रू हातात घेऊन मला म्हणाले, “भाऊ, ह्या मुठी बिलकुल चालत न्हाईत. लाकूड फाटून राह्यलं. लांब कड्या आणा, हात बराबर आत गेला पाहिजे.”

लाकूड सागवानी होतं, त्यावर चीरही नव्हती. मी वैतागून विचारलं, “कुठं फाटलंय?”

स्क्रू पुन्हा ओठांत गेले. “हूं.”

कड्या बसल्या त्याच दुपारी आईनं एका कडीत मनगट अडकवून दार ओढलं आणि साखरेचा डबा दोन्ही तळव्यांत धरून वर ठेवला. तिची बोटं मिटत नव्हती, हे मला तेव्हा दिसलं. तिनं चहा टाकला आणि माझा जीव भांड्यात पडला.

“त्या मुठी का रे परत केल्या?” तिनं पाठमोरीच विचारलं.

“लाकूड फाटत होतं,” मी म्हणालो.