गवती चहाचा चोथा

पालीजवळच्या आमच्या शेतात सासऱ्यांनी गवती चहाचं तेल काढायची भट्टी बसवली होती. लोखंडी टाकीत गवत भरायचं, खाली जाळ घालायचा. वाफेची नळी थंड पाण्याच्या हौदातून जायची आणि दुसऱ्या टोकाला पाण्यावर तेलाचा तवंग जमायचा. शेताला विकतचं खत नाही की औषध नाही. राख वाफ्यात, उकळलेला चोथा शेणाबरोबर कुजवायचा, हौदातलं पाणी शेवग्याला. आंघोळीचं पाणी मोरीतून वाहून गेलं तरी मामंजी बाहेरून विचारायचे, "कुठं गेलं ते पाणी?"

नवरा लांबच्या सहकारी साखर कारखान्यात कामाला होता आणि मामंजींना मोतीबिंदूमुळं नीट दिसत नव्हतं. म्हणून जाळ माझ्याकडे आला. जास्त झाला तर तेल करपायचं, कमी झाला तर वाफ धरायची नाही. मला ते जमलं, आणि जमलं म्हणूनच मी अडकले.

मग दुष्काळ पडला. गावातल्या काही घरांची आमच्यासोबत सोसायटी होती. सगळ्यांचं गवत आमच्या भट्टीत यायचं आणि तेल एकत्र विकलं जायचं. विहिरीचा तळ दिसू लागला, तरी हौदातलं तेच पाणी निववून आम्ही भट्टी चालू ठेवली, कारण आता लोकांना तेलापेक्षा चोथा हवा होता. कच्च्या गवताला जनावरं तोंड लावत नाहीत, उग्र वास येतो. उकळलेलं मात्र खातात. सकाळपासून बाया पोती घेऊन दारात बसायच्या.

अशात भावाचा फोन आला. आईला अंबाजोगाईच्या दवाखान्यात ठेवलं होतं. ती माझं नाव घेत होती.

मामंजींना सांगितलं. ते म्हणाले, "जा की. पर जाळ कोन बघंल?"

मी गेले नाही. दोन दिवस टाकी भरत राहिले. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू चोथा न्यायला आल्या, तेव्हा त्यांना कळलं.

"कावून गेली न्हाईस?"

"तुमच्या म्हशी उपाशी राहतील."

त्यांनी पोतं खाली ठेवलं. "माज्या म्हशीचं नाव सांगू नगंस. तुला आईला बघायचं भ्या वाटतंय."

खरं होतं ते. त्या दिवशी एक टाकी त्यांच्याकडून चालवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघाले.

आईचं तोंड वाकडं झालं होतं. भाऊ म्हणाला, "कालपतूर बोलत होती." तिनं माझा हात धरला आणि सोडला नाही. मी आठवडाभर तिथंच राहिले.

परत आले तर काकूंनी दोन टाक्यांचं तेल करपवलं होतं, ते सोसायटीनं घेतलं नाही. मामंजी रागावतील असं वाटलं. ते एवढंच म्हणाले, "चोथा चांगला झालता. जनावरांनी खाल्ला."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पुन्हा जाळापुढं बसले. पुढं महिन्यातून एकदा काकू भट्टी बघायच्या आणि मी आईकडे जायचे. तिची वाचा परत आली नाही. मीच बोलत बसायचे, आणि बोलण्यात भट्टीशिवाय काही नसायचं. माझ्याकडे सांगायला दुसरं काही नव्हतंच.