तांबडा की पांढरा?

ओतीव लोखंडाचा नग हातात आला की तो आधी त्यावर छोट्या हातोडीने ठोका द्यायचा आणि कान तिरका करायचा. खण्ण वाजलं तर नग चांगला, बद्द वाजलं तर आत चीर. मग बोटांनी स्वतःच्या छातीवर टकटक करून म्हणायचा, "ह्यात बी लोखंड, त्यात बी लोखंड. पर माझा आवाज बद्द हाय. लिवा अक्का, रिजेक्ट."

अक्का म्हणजे मी. कोल्हापुरातल्या एका फौंड्रीत तपासणीचं रजिस्टर लिहिते. तो नग वाजवायचा, मी लिहायची. त्याच्या छातीवरची टकटक ऐकून मी दर वेळी "पुरे झालं" म्हणायची आणि तो दर वेळी नव्याने हसायचा. खरं तर छातीतून दोन आवाज यायचे. एक छातीचा आणि दुसरा वरच्या खिशातल्या कॅप्सूलच्या पाकिटाचा, चुरचुर.

त्याला जन्मापासून थॅलेसेमिया होता. अंगात रक्त नीट तयार होत नाही, म्हणून दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं रक्त चढवायचं. त्या रक्तातून लोखंड येतं आणि साचत जातं. हे मला त्यानेच समजावलं.

"लोखंड म्हंजे पावणं, अक्का. यायला दार हाय, जायला न्हाय. एकदा आलं की लिव्हरात न्हायतर हार्टात गादी टाकून बसतंय. आन् ही कॅप्सूल म्हंजे मेव्हणा. पावण्याचा हात धरून एस्टी स्टँडवर सोडून यायचं, एवढंच त्येचं काम."

पण जगाला हे कुठे ठाऊक? त्याचा फिकट चेहरा पाहून येणाराजाणारा म्हणायचा, याला लोखंड कमी पडतंय. कँटीनच्या मावशी बीट किसून द्यायच्या. मालक दसऱ्याला सगळ्यांना गूळ वाटायचे आणि त्याला मुद्दाम मोठी ढेप. एकदा फौंड्रीत आरोग्य शिबिर झालं, तेव्हा ऑफिसातल्या साहेबांनी त्याला लोहाच्या गोळ्यांच्या रांगेत सगळ्यांत पुढे उभं केलं. "साहेब," तो म्हणाला, "विहिरीला पाणी पाजताय व्हय?"

डॉक्टरांनी त्याला जेवताना कोरा चहा प्यायला सांगितलं होतं, म्हणजे अन्नातलं लोखंड अंगात कमी मुरतं. आमच्या सुपरवायझरच्या नातवाचं जावळ होतं. पंगतीत हा पठ्ठ्या एक घास मटणाचा घेतोय आणि एक घोट चहाचा. कोल्हापुरात याहून मोठा अपमान नाही. सुपरवायझर वाढपी घेऊन धावत आले.

"रस्सा बिघडलाय का काय?"

"रस्सा झकास हाय की. चहा लोखंडासाठी हाय."

सुपरवायझरनी आधी त्याच्या ताटाकडे पाहिलं, मग रश्श्याच्या पातेल्याकडे. "आमचं भांडं स्टीलचं हाय!" ते ओरडले.

आता मुख्य गोष्ट सांगते, जरा नाजूक आहे. त्या कॅप्सूल घेतल्या की लघवीला तांबूस रंग येतो. रंग आला म्हणजे औषध पोटात गेलं. त्याच्या आईने यावर अस्सल कोल्हापुरी उपाय काढला होता. तो मोरीतून बाहेर आला की त्या स्वयंपाकघरातून हाक मारायच्या, "तांबडा का पांढरा?" हा ओरडायचा, "तांबडा!" की त्यांचा दिवस सुरू. एकदा शाहूवाडीचे पाहुणे बाहेरच्या खोलीत बसले होते. आत नेहमीची हाक झाली. पाहुण्यांनी बाहेरून आवाज दिला, "आम्हास्नी दोन्ही चालंल!"

मग आई गेली. दिवस करून तो कामावर आला. नग वाजवले, छाती वाजवली, "रिजेक्ट" म्हणाला. सगळं पूर्वीसारखं. फक्त हळूहळू चुरचुर बदलली. खिसा फुगत गेला आणि टकटक केली की थप्प असा आवाज यायला लागला. मी नगांचे आवाज रजिस्टरला लिहिणारी बाई, मला हा आवाज ऐकू आला होता. पण परक्या माणसाच्या खिशात कशाला डोकावायचं म्हणून गप्प बसले. याचा मला अजून राग येतो.

अंगातलं लोखंड सांगणारा रक्ताचा रिपोर्ट आला, आकडा चांगलाच चढला होता. डॉक्टरांनी हृदयाचा एमआरआय करायला पुण्याला पाठवलं. सोबत कुणीतरी हवं होतं, मी गेले. मशीनपाशी टेक्निशियनने विचारलं, "अंगावर काही लोखंडी वस्तू आहे का?"

"अंगावर न्हाई. अंगात हाय. त्येच मोजायला आलोय."

टेक्निशियन हसला नाही. मीही हसले नाही, पहिल्यांदाच. हृदयात लोखंड शिरलं होतं. डॉक्टर म्हणाले, आता औषध नियमित घेतलं तर निघेल, नाही तर हृदय दमत जाईल आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही.

कॅप्सूल न गिळता खिशात साठवल्या म्हणून परतीच्या एस्टीत मी त्याला साताऱ्यापर्यंत झापलं. साताऱ्याला तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आई इचारायची. आता कोण इचारतंय? तांबडा झाला तरी मोरीत एकट्यानं बघून काय करू, अक्का?"

मला रडू आलं. ते लपवायला मी मोठ्याने म्हणाले, "उद्यापासून मी विचारणार." पुढच्या सीटवरची बाई वळून बघायला लागली.

आणि विचारलं. रोज सकाळी दहाला, रजिस्टर उघडताना, भट्टीच्या आवाजावर आवाज चढवून. "तांबडा की पांढरा?" तो लांबून ओरडायचा, "तांबडा!" फौंड्रीला वाटलं, आमचा जेवणाचा बेत चाललाय. साचे बनवणाऱ्या एका मोल्डरने तर शनिवारी मोकळा डबाच आणला, "अक्का, मला बी जरा पांढरा ठेवा." एखाद्या दिवशी त्याचं उत्तर फार झटकन यायचं. मग मी म्हणायची, "खिसा वाजव." थप्प वाजलं की समोर उभं राहून कॅप्सूल गिळायला लावायची.

रविवारी मेसेज यायचा. दहा वाजता, एकच शब्द, तांबडा. माझे यजमान म्हणाले, "हा गडी सकाळी दहाला रस्सा हाणतोय व्हय?" त्यांना खरं काय ते सांगितलं. पुढे महिनाभर त्यांनी फक्त पांढरा रस्सा खाल्ला.

वर्षाने पुन्हा एमआरआय झाला. हृदयातलं लोखंड बरंच उतरलं होतं. त्याने फौंड्रीभर गूळ वाटला, मालकांनी दिलेलीच ढेप. "मला चालत न्हाय, तुम्ही खावा."

मग लग्नाचं निघालं. मुलगी बेळगावची, तिथे बँकेत होती. याने पत्रिकेच्या आधी तिच्या रक्ताचा रिपोर्ट मागितला, तिच्यात थॅलेसेमिया नाही ना ते बघायला. शिवाय आपलं सगळं पुराण फोनवर तिला ऐकवलं, मोरीसकट. पोह्यांच्या कार्यक्रमात वडीलधारी मंडळी पावसापाण्याचं बोलत होती. तिने पोह्यांची बशी याच्या हातात दिली आणि हळूच विचारलं, "आज काय? तांबडा?"

दुसऱ्या दिवशी येऊन तो एवढंच म्हणाला, "अक्का, ठरलं." कान लाल झाले होते. त्याच्या अंगात एवढं लाल रक्त मी कधी पाहिलं नव्हतं.

लग्नानंतर त्याने तिकडच्याच एका फौंड्रीत नोकरी धरली. जाताना हातोडी माझ्या टेबलावर ठेवली. "नवा माणूस येईस्तोवर तुम्हीच वाजवा. तुमचा कान तयार झालाय." मेसेज मात्र येत राहिला, आता रोजच, दहाच्या ठोक्याला. दोन महिने आला. मग एक दिवस जरा लांब आला: "अक्का, उद्यापास्नं मेसेज न्हाय. हिकडं ही रोज इचारती. खिसा बी वाजवून बघती."

मी लिहिलं, "छान." खरोखरच छान होतं. मला हेच तर हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजले. फोनकडे गेलेला हात मी परत आणला, हातोडी घेतली, नग वाजवला. खण्ण. आजूबाजूला कुणी बघत नाही ना ते पाहिलं आणि बोटांनी स्वतःच्या छातीवर टकटक केली.

बद्द.

मी रजिस्टरमध्ये नगापुढे 'ओके' लिहिलं आणि पुढचा नग उचलला.