मामंजींच्या शेजारची बाई

हसणार नसाल तर सांगते. बघा, आत्ताच ओठ मुडपले तुम्ही! असू दे. पण त्या दिवशी माझी जी फजिती झाली ना, ती घरात अजून कुणी विसरलेलं नाही.

झालं असं. मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, भिंतीवरचा फोटो ओल येऊन डागाळला होता. ते जाऊन पाच वर्षं झाली. श्राद्धाच्या आत चांगला फोटो लावा, असं माझ्या सासूबाईंनी बजावलं. त्यांना आम्ही आत्ती म्हणतो. शोधता शोधता ट्रंकेत, एका कागदी पाकिटात, एक निगेटिव्ह सापडली. बारक्या पट्टीतली नव्हे, चांगली मोठी, चौकोनी. उजेडाला धरली तर फेटा दिसला, मिशा दिसल्या. मामंजीच!

आता ही मोबाईलमध्ये आणायची कशी? घरगुती छोट्या स्कॅनरमध्ये बारक्या पट्ट्याच बसतात. एका फोटोसाठी मोठा स्कॅनर कोण घेणार? राजारामपुरीत आमच्या गल्लीच्या टोकालाच स्टुडिओ आहे, पण तिथं कशाला द्यायची? मी व्हिडिओ बघितले होते ना! टॅबवर पांढरा उजेड लावला, जुन्या फ्रेमच्या दोन काचांत निगेटिव्ह घट्ट दाबली, दोन बरण्यांवर मोबाईल आडवा ठेवला आणि फोटो काढला. मग ॲपमध्ये उलटा केला, म्हणजे काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं.

मामंजी निळे! अहो, फेट्यापासून नाकापर्यंत निळे! रंग काही केल्या जमेनात, म्हणून सगळं काळंपांढरं करून टाकलं. मग मात्र झकास दिसलं. मिशा काळ्याभोर, म्हणजे फोटो तरुणपणचा. त्यांच्या खांद्याला खांदा लावून एक बाईही उभी होती, जरा धुरकट. असेल कुणी नात्यातली. मी उत्साहानं घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘मामंजींच्या शेजारी कोण, ओळखा बघू!’

हे मी लिहिलं. माझ्या हातानं.

पहिला फोन उचगावच्या नणंदेचा. ‘वहिनी, त्या बाईनं मुंडावळ्या बांधल्यात की.’

मी फोटो मोठा करून बघितला. खरंच! मुंडावळ्या, नथ, कोपरापर्यंत चुडा. आणि त्या आत्ती नव्हेत. आत्ती ठेंगण्या, ही चांगली उंच.

आमच्या ह्यांना हाक मारली. ह्यांनी बराच वेळ फोटो न्याहाळला आणि म्हणाले, ‘बाई देखणी हाय.’

असा संताप आला! म्हटलं, बापानं दुसरं लग्न केलंय आणि तुम्ही रूप काय बघताय? कसलं देखणं? नाक बघा, डोळे बघा, एक नंबरची लबाड दिसतेय. मग नणंदेला फोन लावून तिलाही हेच पुन्हा सांगितलं, वर चार शब्द जास्तच घातले. मागं वळते तर दारात आत्ती. सगळं ऐकलेलं.

त्यांनी फोटो मागितला. बघितला. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. भिंतीवरच्या मामंजींच्या फोटोकडं बोट करून एवढंच म्हणाल्या, ‘तो हार काढ.’

मग पिशवी भरायला घेतली. मी चाललो मुरगूडला, भावाकडं, म्हणाल्या. पंचावन्न वर्षं संसार केला आणि एका शब्दानं सांगितलं न्हाई त्यांनी. ऐंशीची बाई, मांडीवर पिशवी घेऊन रिक्षात बसली! मी शेजारी, रडकुंडीला आलेली. हे गाडीवर मागोमाग. म्हटलं, आत्ती, स्टँडवर जायच्या आधी स्टुडिओत तरी जाऊया. ते म्हातारे फोटोग्राफर गावातल्या सगळ्यांना ओळखतात. ‘चल,’ आत्ती म्हणाल्या. ‘तिचं नाव तरी कळू दे.’

फोटोग्राफरनी निगेटिव्ह उजेडाला धरली. कोपऱ्यावरून नख फिरवलं.

‘वहिनी, ह्या दोन हायत. ओलीनं एकमेकीला चिकटल्यात.’

दोन! आणि मी त्या काचेत आणखी घट्ट दाबल्या होत्या!

त्यांनी त्या पाण्यात हळूच सोडवल्या, वाळवल्या आणि एकेक करून मशीनवर घेतल्या. पहिलीत मामंजी. एकटे. रंगीत. आत्तींनी पडद्याला हात लावला.

‘हे तर ह्याच्या लग्नातलं. मिशीला कलप लावलावता त्यांनी.’

ह्याच्या म्हणजे आमच्या ह्यांच्या. माझ्या डोक्यात काही शिरायच्या आत दुसरी निगेटिव्ह पडद्यावर आली. हिरवा शालू, नथ, शेलाटी नवरी. आत्तींनी तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.

‘मंगल, ही तू हाईस.’

सासूची सवत म्हणून सकाळपासून जिचा उद्धार केला, ती मी! आताच्या निम्मी, पण मीच! माझंच नाक, माझेच डोळे, एक नंबरची लबाड!

आत्तींनी पिशवी माझ्या हातात दिली. घरी चल, आधी हार लाव, म्हणाल्या. मी मान खाली घालून उठले. हे मात्र जागचे हलेनात. पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा पडद्याकडं बघितलं, आणि हळूच फोटोग्राफरना विचारलं,

‘पावणं, मशीन बरोबर हाय न्हवं?’